पहिला ओरखडा पडला? घड्याळाला हात लावायच्या आधी या चुका टाळा

महागडं घड्याळ घेतलं की कधीतरी त्यावर चरा पडणार हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पहिला पडतो तेव्हा पोटात गोळा येतोच. दाराची कडी, टेबलाची कडा, जिन्याचा कठडा, काहीही पुरतं, आणि बऱ्याचदा तर कुठे लागलं तेही आठवत नाही, संध्याकाळी उजेडात हात फिरवला की दिसतो. आता हे नीट ऐका, त्या चऱ्याने घड्याळाचं बहुतेक वेळा काहीही बिघडत नाही, वेळ तशीच दाखवतं, पाणी आत जात नाही. वाट लागते ती पुढच्या तासाभरात, जेव्हा माणूस मोबाईलवर व्हिडिओ बघून घरात जे सापडेल ते घेऊन घासायला बसतो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ते इथेच होतं. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की आठवडाभर काहीही करू नका, घड्याळ घाला, कामाला लागा. आणि तेवढ्यात खालचं वाचून घ्या.

पुसून न बघताच ओरखडा म्हणणं

ही सगळ्यात कॉमन चूक. दिसतोय तो दरवेळी ओरखडाच असेल असं नाही. बहुतेक लक्झरी घड्याळांची काच सफायरची असते, म्हणजे कारखान्यात बनवलेला नीलम, मोह्सच्या काठिण्याच्या मापात ९. हिरा १०. वाळूत आणि ग्रॅनाइटमध्ये असतो तो क्वार्ट्झ ७, आणि स्टील त्याच्याही खाली. त्यामुळे स्टीलची कडी सफायरवर घासली तर काच झिजत नाही, उलट कडीचंच थोडं धातू काचेवर चिकटून बसतं आणि करड्या रेघेसारखं दिसतं. सिरॅमिक बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावर पण सेम, लोक रडकुंडीला येतात आणि ती रेघ साध्या पांढऱ्या खोडरबराने निघून जाते.

तर आधी क्राउन, म्हणजे बाजूची चावी, पूर्ण आत आहे ना, स्क्रूवाला असेल तर घट्ट आहे ना ते बघा, चामड्याचा पट्टा असेल तर काढा, आणि घड्याळ खरंच वॉटर रेझिस्टंट असेल तर कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून मऊ ब्रशने धुवा, मायक्रोफायबरने कोरडं करा. जुनं असेल किंवा त्यावर वॉटर रेझिस्टंट फक्त ३० मीटर लिहिलेलं असेल तर नळाखाली धरायच्या भानगडीत पडू नका, ओलसर कापड पुरे. मग नख हळूच आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर चरा अगदी वरवरचा आहे, अडकत असेल तर खोल.

काचेबद्दल अजून एक. काही कंपन्या सफायरच्या बाहेरच्या बाजूलाही अँटी रिफ्लेक्टिव्ह कोटिंग देतात, चमक कमी व्हावी म्हणून, आणि ते कोटिंग काचेइतकं कठीण नसतं. ठरावीक कोनातच दिसणारे, जाळीसारखे बारीक चरे असतील तर बहुतेक कोटिंगवर आहेत, काच शाबूत आहे. हे घरी नीट होत नाही, पण रोज दिसतही नाही, मग सोडून द्या की राव.

टूथपेस्ट, खायचा सोडा आणि बाकीचा किराणा

टूथपेस्टमध्ये बारीक अपघर्षक पावडर असते, दात त्यानेच साफ होतात. ती सफायरवर घासून काचेला काही होणार नाही, म्हणजे चरा जाणार नाहीच, कोटिंग मात्र उडेल आणि आजूबाजूच्या आरशासारख्या स्टीलवर धुरकट डाग पडेल. वर ती पेस्ट बेझलच्या फटीत, ब्रेसलेटच्या सांध्यात जाऊन वाळते ती वेगळीच.

एकच अपवाद आहे, प्लास्टिकची काच, म्हणजे अ‍ॅक्रिलिक. ओमेगा स्पीडमास्टरच्या मूनवॉचची हेसलाइट काच तीच, नासाने १९६५ मध्ये ज्या घड्याळाला अंतराळवीरांसाठी पास केलं त्यावर पण हीच होती, कारण ती फुटली तरी तिचे काचेसारखे तुकडे उडत नाहीत. तिच्यावर चरे लगेच पडतात पण तितक्याच सहज जातात, पॉलीवॉचसारखी पेस्ट घेऊन मऊ कापडाने थोडा वेळ घासलं की झालं. आजूबाजूच्या धातूला टेप लावून घ्या एवढंच. पण हे वाचून सफायरवाल्यांनी पॉलीवॉच मागवू नका, काही उपयोग नाही.

चमकवायचं कापड फिरवणं

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त घड्याळं इथेच खराब होतात. महागड्या घड्याळाचा सगळा पृष्ठभाग एकसारखा नसतो. काही भाग आरशासारखा पॉलिश केलेला, काही भाग ब्रश केलेला म्हणजे एकाच दिशेने बारीक रेघा मारलेला, आणि दोन्हींच्या मध्ये एक धारदार कड. तुम्ही पैसे मोजलेत ते बऱ्यापैकी या कडेसाठी. १९७२ चं ऑडेमार पिगेचं रॉयल ओक घ्या नाहीतर १९७६ चं पाटेक फिलिपचं नॉटिलस, दोन्ही जेराल्ड जेंटाची डिझाइन्स, दोन्हीत ब्रश केलेल्या सपाट भागाला पॉलिश केलेली तिरपी कड आहे आणि सगळी नजाकत त्या कडेत आहे. ग्रँड सेको ज्याला झारात्सू पॉलिश म्हणतात त्यात तर पृष्ठभाग इतका सपाट करतात की प्रतिबिंब जरासुद्धा वाकडं दिसत नाही.

आता अशा घड्याळावर तुम्ही केमिकल लावलेलं पॉलिशिंग कापड घेतलं आणि ब्रश केलेल्या भागावरचा चरा घासला की काय होणार, चरा जाईल आणि त्याच्यासोबत आजूबाजूच्या रेघाही जातील, मध्येच एक चकचकीत ठिपका उरेल जो मूळ चऱ्यापेक्षा दहापट उठून दिसतो. मग तो ठिपका लपवायला माणूस अजून घासतो, मग कड गोल होते, मग पूर्ण लगच, म्हणजे पट्टा जोडतात ते टोकच, पॉलिश करावा लागतो. उलटी चूक पण होते, भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने ब्रश केलेला भाग नीट करायला जातात आणि हात सटकून पॉलिश केलेल्या कडेवर रेघा उमटतात.

हात फारच शिवशिवत असतील तर क्लास्पवर, म्हणजे ब्रेसलेट बंद करायच्या कडीवर करा. क्लास्पचा सपाट ब्रश केलेला भाग बहुतेक घड्याळांत सगळ्यात आधी खराब होतो, दिवसभर टेबलावर घासतो ना, आणि तिथे बिघडलं तरी फारसं बिघडत नाही. शेजारचा पॉलिश भाग टेपने पूर्ण झाका, बारीक फिनिशिंग पॅड घ्या, मूळ रेघांच्या दिशेनेच, एकाच दिशेला, हलक्या हाताने ओढा, मागेपुढे नाही, गोल तर अजिबात नाही. केसवर, म्हणजे घड्याळाच्या मुख्य धातूच्या डब्यावर, हे करू नका. ड्रेमेलसारखं फिरतं मशीन तर घड्याळाजवळही आणू नका, एका सेकंदात खड्डा पडतो, धातूचा चुरा क्राउनमध्ये जातो आणि उष्णतेने आतली पाणी अडवणारी रबरी गॅस्केट खराब होऊ शकते.

पहिल्याच चऱ्याला पॉलिशसाठी देणं

पॉलिश म्हणजे चरा भरत नाहीत, चऱ्याच्या तळापर्यंतचं आजूबाजूचं धातू काढून टाकतात. दरवेळी घड्याळ थोडं बारीक होतं. दोन-चार वेळा वाईट हाताने पॉलिश झालेलं घड्याळ ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, लग्ज बारीक झालेले असतात, कडा वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत, मागचं कोरलेलं अक्षर पुसट. जुनी घड्याळं जमवणारे लोक म्हणूनच विचारतात की केस कधी पॉलिश झालीय का, आणि चरे असलेली पण मूळ आकाराची केस त्यांना चकचकीत केसपेक्षा जास्त आवडते. धातू परत येत नाही, चरा तिथेच थांबतो, घाई कशाची आहे?

ब्रँडनुसार साधारण ५ ते १० वर्षांनी सर्व्हिसिंग करावं लागतंच, तेव्हा सगळं एकदम बघता येईल, तोवर अजून पन्नास चरे पडलेले असतील आणि हा पहिला कुठला ते तुम्हालाही शोधावं लागेल. आणि सर्व्हिसला देताना एक गोष्ट विसरू नका, बऱ्याच सर्व्हिस सेंटरमध्ये पॉलिश हे सर्व्हिसचाच भाग असतं, न सांगता करून देतात. नको असेल तर तोंडी सांगून भागत नाही, फॉर्मवर 'पॉलिश करू नये' असं स्पष्ट लिहून घ्या आणि देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा.

खोल खड्डाच पडला असेल, लगचा कोपराच उडाला असेल तर लेझर वेल्डिंग हा चांगला मार्ग आहे, त्यात तोच धातू खड्ड्यात भरतात आणि मग मूळ आकारात आणून फिनिश देतात. म्हणजे आजूबाजूचं तासावं लागत नाही. पण हे कसबी माणसाचं काम, कोपऱ्यावरच्या सेल बदलणाऱ्याचं नाही, आणि त्याला आधी केलेल्या कामाचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवायला सांगायला लाजू नका.

धातू कुठलाय ते न बघणं

स्टीलबद्दल जे ऐकलं ते सगळीकडे चालत नाही. नेहमीचं ३१६एल प्रकारचं स्टील असो की रोलेक्स वापरतं ते ९०४एल, दोन्हींवर चरे पडतात, ९०४एलचा मोठेपणा गंज न लागण्यात आहे, त्यावर चरा पडत नाही ही निव्वळ दंतकथा. १८ कॅरेट सोनं म्हणजे ७५ टक्के सोनं, ते अजून मऊ, आणि घासलं की तुम्ही सोनंच घासून टाकताय. काळ्या पीव्हीडी किंवा डीएलसी कोटिंगवर, म्हणजे धातूवर चढवलेल्या पातळ थरावर, काहीही घासू नका, खालचं स्टील बाहेर येईल. झिन कंपनीचं टेगिमेंट, सिटिझनचं ड्युराटेक्ट असे पृष्ठभाग कडक केलेले असतात, सहसा चरा पडत नाही, पण पडलाच तर साधं पॉलिश करून ते जमत नाही. टायटॅनियम पॉलिश करणं पण कटकटीचं काम आहे. सिरॅमिकवर चरा पडणं कठीण, मात्र जोरात आपटलं तर तडा जातो किंवा तुकडा उडतो, आणि मग तो पार्टच बदलायचा.

१९६२ मध्ये राडोने डायस्टार काढलं होतं, टंगस्टन कार्बाइडचं, चरा न पडणारं घड्याळ म्हणून. आणि १९३१ चं जेजर लेकुल्त्रचं रिव्हर्सो तर पोलो खेळताना काच फुटू नये म्हणून चेहराच उलटा फिरवता येईल असं केलं होतं. म्हणजे ही चिंता जुनीच आहे, तुमच्या एकट्याची नाही.

ओरखडा आणि मार यात फरक न करणं

वर म्हटलं आठवडाभर काही करू नका, ते ओरखड्याला लागू. घड्याळाला मार बसला असेल तर गोष्ट वेगळी. काचेच्या कडेचा टवका उडालाय, क्राउन वाकडा वाटतो किंवा नीट स्क्रू होत नाही, आत वाफ धरलीय, पडल्यावर एकदम पुढे किंवा मागे पळायला लागलंय, हलवलं की आत काहीतरी खुळखुळतंय, बेझल फिरताना अडकतंय, यातलं काहीही दिसलं तर घालणं बंद, पाण्यापासून लांब, सरळ घड्याळजीकडे. काचेचा टवका छोटा दिसतो पण तिथून पाण्याची अडवणूक संपलेली असू शकते, आणि फुटलेल्या सफायरची पावडर मशीनमध्ये गेली तर ती सगळं घासत फिरते. लोक करतात नेमकं उलटं, क्लास्पवरच्या रेघेने झोप उडते आणि काचेचा टवका 'दिसत तर नाही ना' म्हणून महिनोन्‌महिने चालवून घेतात.

वॉरंटीत बसेल म्हणून भांडायलाही जाऊ नका, रोजच्या वापराचे चरे सहसा त्यात धरत नाहीत. घड्याळाचा विमा असेल तर त्यातली अपघाताची अट वाचून बघा.

पुढे पडू नयेत म्हणून केलेले उद्योग

पहिल्या चऱ्यानंतर माणूस एकदम सावध होतो आणि तिथे नवीन चुका सुरू होतात. कंपनीचे मूळ स्टिकर तसेच ठेवून घालायचं हे त्यातलं एक, त्या स्टिकरच्या कडेखाली घाम आणि मळ साचतो आणि कालांतराने स्टीललासुद्धा बारीक खड्डे पडू शकतात. वरून लावायची पारदर्शक फिल्म लावायची तर लावा, पण अधूनमधून काढून खाली साफ करत जा, नाहीतर अडकलेला धुळीचा कणच आतून चरे पाडतो. सगळी घड्याळं एका ड्रॉवरमध्ये एकमेकांना टेकवून ठेवू नका, आणि त्याच मनगटात धातूचं कडं घालू नका. हिऱ्याची अंगठी असेल तर सांभाळा, सफायरवर खरा चरा पाडू शकेल अशा थोड्या गोष्टींपैकी ती एक आहे.

पट्टा स्वतः बदलत असाल तर लग्जच्या आतल्या बाजूला टेप लावून घ्या, मऊ कापड खाली ठेवा आणि टोक नीट असलेलं स्प्रिंग बार टूल, म्हणजे पट्ट्याची बारीक स्प्रिंगवाली दांडी काढायचं हत्यार, वापरा, स्क्रू ड्रायव्हरने पट्टा काढणाऱ्यांची संख्या बघून अंगावर काटा येतो. लॅपटॉपवर टाइप करताना धातूचं ब्रेसलेट असेल तर घड्याळ काढून मऊ कापडावर ठेवा, क्लास्पचे निम्मे चरे तिथेच वाचतात.

आणि ते भिंग ठेवून द्या. दहापट मोठं करून बघितलं तर शोरूममधल्या कोऱ्या घड्याळावरही रेघा सापडतील. हात लांब करून, घरातल्या साध्या उजेडात बघा, तिथून दिसत नसेल तर समोरच्यालाही दिसत नाही. एका चऱ्यामुळे मन उडालं म्हणून घाईघाईत विकायला काढणारेही आहेत. विकायचंच असेल तर तो चरा घासून लपवू नका, स्पष्ट फोटो टाका, कारण घेणारा जाणकार असेल तर घरगुती पॉलिश त्याला पहिल्या फोटोतच कळतं आणि मग तो चऱ्याचे नाही, पॉलिशचे पैसे कापतो.