कार्ड भरलंत? आता घरात सांगा

आयसीयूत नर्स म्हणून मी २६ वर्षं काढली. त्यातली एक रात्र अजून जड जाते. दुचाकीवरून पडलेला चोवीस वर्षांचा मुलगा, मेंदूमृत घोषित झालेला. त्याच्या पाकिटात अवयवदानाचं कार्ड सापडलं. वडील ते कार्ड बराच वेळ हातात धरून बसले आणि म्हणाले, "हा मला कधी बोलला नाही हो." त्यांनी नकार दिला. मी त्यांना दोष देत नाही. पोराच्या मनातलं त्यांना अशा वेळी आणि परक्या माणसांकडून कळलं होतं.

आपल्याकडे कार्ड असलं तरी सही जवळच्या नातेवाइकाचीच घेतात. 'नोट्टो' या अवयवदानाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाने नोंदणी काही मिनिटांत होते, ती जरूर करा. पण खरं काम घरातलं आहे.

त्यासाठी कुणाचं आजारपण किंवा दहावा-तेरावा चालू असताना विषय काढू नका. हात कामात असले की असं बोलणं सोपं जातं. मी सासूबाईंशी मेथी निवडताना बोलले. "आई, माझं काही झालं तर माझे अवयव द्यायचे, हे तुम्हाला सांगून ठेवते." आधी स्वतःबद्दल बोला. "तुम्ही देणार का?" असं विचारलंत तर समोरच्याला वाटतं, आपल्या मरणाची वाट बघतायत.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, मग पिंडाला कावळा शिवेल का?"

अशा प्रश्नाला हसू नका, वादही घालू नका. मी म्हटलं, "इच्छा अपुरी राहिली की शिवत नाही ना? माझी इच्छा हीच आहे." त्यांनी पुढची जुडी ओढली. त्या दिवशी एवढंच. हे बोलणं एका बैठकीत संपत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा कोमाचा होतो. "लोक कोमातून परत येतात की!" येतात, कारण कोमात मेंदू जिवंत असतो. मेंदूमृत माणसाचा मेंदूचा देठ, म्हणजे श्वास चालवणारा खालचा भाग, कायमचा बंद पडलेला असतो. छाती हलते ती व्हेंटिलेटरमुळे, हृदयही त्या आधारावर थोडाच काळ चालतं. १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करतात, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला त्यांत कुणी नसतो. हे घरच्यांना आजच शांतपणे समजावा. त्या रात्री छाती हलताना दिसत असते, तेव्हा काही डोक्यात शिरत नाही. शरीर नीट शिवून अंत्यविधीसाठी परत मिळतं, हेही सांगा. अपघात असेल तर पोलिसांची कागदपत्रं आणि शवविच्छेदन असतं, त्यामुळे वेळ लागतो.

सांगायचं कुणाला? नवरा किंवा बायको, सज्ञान मुलं, आईवडील. शिवाय प्रत्येक घरात एक काका किंवा आत्या असते, जिच्या शब्दापुढे कुणी जात नाही. तिला वगळू नका. सगळे तयार असताना त्या एका "नको"वर फाइल बंद झालेली मी पाहिली आहे.

अवयवांसाठी मृत्यू बहुधा आयसीयूत व्हावा लागतो, नेत्रदान मात्र घरी मृत्यू झाला तरी होतं. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, चालतं. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन करायचा. तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, वर ओल्या कापसाच्या घड्या आणि डोक्याखाली उशी. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, अर्ध्या तासाच्या आत काम होतं.

सासूबाई एक्याऐंशीव्या वर्षी पहाटे झोपेतच गेल्या. माझ्या नवऱ्याला काही सुचेना. मी पंखा बंद केला आणि नंबर शोधायला स्वयंपाकघरात गेले. कॅलेंडरच्या मागे, गॅसच्या नंबराखाली, त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं: "नेत्रपेढी. लगेच करणे."