गावात रोपविक्री भरवायचीय? मग शिमग्यालाच कामाला लागा

आपल्या कोकणात प्रत्येक वाडीत दोन-तीन तरी झाडवेडी माणसं असतातच, कुणाच्या परड्यात सात-आठ रंगांच्या जास्वंदी, कुणाची अबोली, कुणाची हळद अख्ख्या वाडीला पुरते. रोपं द्यायची हौस पण सगळ्यांना असते, फक्त ती दिली जातात वाटेत कोणी भेटलं तर, म्हणून ज्याला हवं असतं त्याला नेमकं कळतच नाही कोणाकडे काय आहे. ह्या सगळ्यांना वर्षातून एक दिवस एका मांडवाखाली बसवायचं, बस.

आधी तारीख. मे महिन्याचा शेवटचा रविवार धरा. चाकरमानी अजून गावात असतात आणि मुंबईच्या गॅलरीसाठी गवती चहा, कढीपत्ता, ओवा असलं काहीतरी त्यांना न्यायचंच असतं. बरेच जण म्हणतील पहिला पाऊस तर पडू दे, पण एकदा मृग लागला की सगळे भाताच्या पेरणीत, मग तुमच्या मांडवात येणार कोण? ज्यांना जमिनीत लावायचंय त्यांनी रोप आठ-पंधरा दिवस सावलीत ठेवावं, रोज थोडं पाणी द्यावं आणि पाऊस धरला की लावावं.

आता तारखेपासून उलटं मोजत या. जास्वंद, तगर, मोगरा यांच्या फांद्या मार्चमध्येच लावायला हव्यात. जास्वंदीची फांदी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, खाली डोळ्याच्या लगेच खाली तिरका काप, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढून टाकायची आणि पिशवी पक्क्या सावलीत. नुसतं शेणखत भरू नका, फांदी कुजते, लाल माती, वाळू आणि थोडं चांगलं कुजलेलं शेणखत पुरतं. आणि एक लक्षात ठेवा, पालवी फुटली म्हणजे मूळ धरलं असं नाही, फांदीत साठलेल्या अन्नावर पण पानं येतात. हलकेच ओढून बघा, निघून आली तर विकायची नाही. पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ दिसायला लागलं की खुशाल मांडा.

मिरची-वांग्याचं बी एप्रिलच्या मध्याला टाकलं तर बरोबर वेळेवर तयार होतं. कढीपत्त्याचं बी वाळवून ठेवलेलं उगवत नाही, ताजं पिकलेलं फळ, गर काढून, लगेच लावायचं, नाहीतर जुन्या झाडाच्या मुळातून फुटलेली पिल्लं सोडवून घ्या, ते सोपं. पण सगळ्यात कमी कटकटीचा माल म्हणजे हळद, आलं आणि सुरण. पिशवी नको, माती नको, पाणी नको, कंद वजनावर विकायचे. पहिल्यांदाच करत असाल तर अर्धं टेबल ह्यांनीच भरा.

आंबा-काजूची कलमं मात्र स्वतः मांडू नका. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून कायदा आहे, कलमं विकायला परवाना लागतो. तालुक्यातल्या परवानावाल्या नर्सरीला एक कोपरा द्या आणि कुठल्या झाडाला काय नियम ते सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहाय्यक) आधीच विचारून घ्या.

आता लेबल, आणि ह्यावर मी सगळ्यात जास्त भांडतो. शहरातल्या नर्सरीतून रोप नेलं आणि भलतंच निघालं तर माणूस दोन शिव्या घालून विसरतो, इथे घेणारी तुमची शेजारीण असते आणि ते झाड तिच्या दारात पुढची वीस वर्षं तुमच्या नावाने उभं राहणार. म्हणून जे माहीत आहे तेवढंच लिहा. रंग नक्की नसेल तर ‘जास्वंद, रंग माहीत नाही’ लिहा, तरी खपते. कोकमाची बियांपासून केलेली रोपं कोणी फुकट वाटायला आणली तरी सांगून वाटा, कारण त्यातली साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात, जायफळाचं पण तेच. लेबलसाठी आइस्क्रीमच्या डब्याच्या पट्ट्या कापा आणि साध्या शिसपेन्सिलीने लिहा, मार्कर उन्हात उडतो, पेन्सिल टिकते.

विक्रीच्या आठ दिवस आधी सगळ्यांची रोपं एकदा फिरून बघा. पानांखाली कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण असेल तर ती पिशवी बाजूला, उगाच अख्ख्या गावाला प्रसाद नको. मातीत शंखी गोगलगायीची अंडी असतील, साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी, पिवळट, घोसाने असतात, तर ती माती देऊच नका. २०२२ मध्ये लातूरकडे ह्याच गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती, आणि एका गावातून दुसऱ्या गावात त्या कुंडीतल्या मातीतून आरामात जातात. घाणेरीची (टणटणीची) फुलं कितीही छान दिसू देत, टेबलावर नको.

हिशोबाला डोकं लावायची गरज नाही. प्रत्येकाचा एक रंग, त्या रंगाची लोकर पिशवीला बांधायची, विकलं की ती सोडवून त्याच्या डब्यात, संध्याकाळी लोकरी मोजल्या की कोणाचे किती ते कळतं. भाव दहा, वीस, पन्नास असेच, सुट्ट्याची बोंब होत नाही. क्यूआर कोड लावाच, पण रेंजच्या भरवशावर राहू नका. रोपाला रोप अशी अदलाबदल करायला वेगळं टेबल ठेवा, म्हाताऱ्या बायका तिथेच जमतात आणि खरी माहिती पण तिथेच मिळते.

मुंबईला जाणाऱ्या रोपांना पाणी आदल्या दिवशी द्या, निघताना नको. पिशवीला वर्तमानपत्र गुंडाळून आंब्याच्या रिकाम्या खोक्यात उभी करा, मे महिन्यात खोके घरोघरी पडलेले असतात. उरलेली रोपं परत नेऊ नका, शेवटच्या तासाला अर्ध्या भावात काढा, तरीही राहिली तर शाळेच्या कुंपणाला लावायची, मात्र सुट्टीत पाणी कोण घालणार ते आधी ठरवून.