सोयाबीनमधलं आयसोफ्लेव्होन: झाड कसं बनवतं अन् आपण वाढवायचं कसं

धुळ्याकडं पांझरेवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटानं वाटून देण्याची जुनी रीत, पाहिली असेल तर निम्मं काम झालं भो, कारण पाटकरी (पाणी वाटणारा) एक बारं (पाटाचं तोंड) फोडतो तेव्हा आधी शेजारचं मातीनं बुजवतो, नाहीतर पाणी भलतीकडंच जातं. झाडात आयसोफ्लेव्होन हे रसायन बनतं तेव्हाही तसंच आहे.

पाटाचं मुख म्हणजे फेनिलॲलानिन हे अमिनो ॲसिड. एकामागून एक एन्झाईम त्यावर बसतात अन् नारिंजेनिन हा मधला रेणू बनतो. इथवर टमाट्यातही हेच चालतं. पण सोयाबीन, हरभऱ्याकडं एक जादा एन्झाईम असतं, आयसोफ्लेव्होन सिंथेज, ते रेणूवरचं एक कडं उचलून शेजारच्या कार्बनवर बसवतं, मग जेनिस्टीन हे आयसोफ्लेव्होन तयार. डेडझीन या दुसऱ्या आयसोफ्लेव्होनचा फाटा थोडा आधीच फुटतो.

झाड हे आपल्या तब्येतीसाठी बनवत नाही बरं का, मुळांतून हे सोडून ते रायझोबियमला, म्हणजे मुळांच्या गाठीत राहून नत्र देणाऱ्या जिवाणूला, आवतण देतं. महिना-सव्वा महिन्याचं रोप खुरप्यानं अलगद काढा, मुळं धुवा, एक गाठ नखानं फोडा, आत गुलाबी असेल तर आवतण पोचलं समजा. बियाण्याला सोयाबीनचंच जिवाणू-कल्चर लावा, हरभऱ्याचं चालत नाही. दाणे भरताना ऊन तापलं तर आयसोफ्लेव्होन कमी भरतं, ते काही आपल्या हातात नाही.

आता लॅब. सिंथेजचा जीन 2000 साली अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या भाऊबंदात टाकला तर जेनिस्टीन बनलं, पण थोडंच, कारण तिथं नारिंजेनिन ओढून नेणारी बाकीची बारी उघडीच होती. ती बंद असलेल्या झाडात तोच जीन टाकल्यावर जेनिस्टीन चांगलंच वाढलं. म्हणून नुसता जीन घालून गप्प बसू नका, सोयाबीनमध्ये नारिंजेनिन दुसरीकडं ओढणारा एफथ्रीएच जीन आरएनएआयनं (जीन गप्प करायची रीत) दाबा.

आधी केसाळ मुळांवर (जिवाणू लावून झाडाच्या तुकड्यावर फुटणारी मुळं) ट्राय करा. कोवळ्या दलांना (रोपाच्या पहिल्या जाड डाळींना) काप देऊन अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रायझोजेनेस लावायचा, दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं फुटतात, ती वाटून मिथेनॉलमध्ये काढायची अन् एचपीएलसीवर (रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र) 260 नॅनोमीटरला बघायची. झाड हा माल साखर चिकटवून साठवतं, त्यामुळं आधी ॲसिडनं साखर तोडा, मी पहिल्या खेपेला तेच विसरलो अन् दोन दिवस एचपीएलसीच्या आलेखात डेडझीनचं टोक शोधत बसलो. संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी मात्र आधी घ्या, अन् शेतात लावायचा विचारही नको, आपल्याकडं जीएम (जीन बदललेलं) सोयाबीन पेरायला मंजुरी नाही, बीटी कपाशीला 2002 साली मिळाली तशी.