विंडोज, मॅक आणि लिनक्स एकाच घरात: पेनड्राइव्ह न शोधता फोल्डर शेअर कसा करायचा

आमच्या कोथरूडच्या घरात बाबांचा विंडोजवाला डेस्कटॉप, बहिणीचं मॅकबुक आणि माझा लिनक्स मिंट टाकलेला जुना लॅपटॉप अशी तीन बिऱ्हाडं आहेत. गणपतीचे फोटो इकडून तिकडे न्यायचे म्हटलं की पेनड्राइव्ह नेमका कुणाच्या तरी ऑफिसच्या बॅगेत. खरं तर तिघांनाही एसएमबी ही नेटवर्कवरून फाइल्स देण्या-घेण्याची एकच भाषा येते. लिनक्सला ती शिकवली सांबाने, ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ च्या सुमारास सुरू केलेलं सॉफ्टवेअर, आणि नाव कसं ठेवलं तर डिक्शनरीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधून. तर मुद्दा असा की सॉफ्टवेअर विकत घ्यायची काही गरज नाही, गाडी अडते ती दुसरीकडेच.

पहिलं म्हणजे सगळी मशिन्स खरंच एका नेटवर्कवर आहेत का ते बघा. आमच्याकडे नेटवाल्याने हॉलमध्ये एक डबा, म्हणजे मेन राउटर, बसवला आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून मी जुना राउटर त्याला जोडला, वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरून इंटरनेट येतं त्या भोकात, आणि दोन संध्याकाळी घालवल्या, कारण बाबांचा आयपी, म्हणजे मशिनचा नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१ ने सुरू होत होता आणि माझा १९२.१६८.० ने. म्हणजे घरातच पेठा पडल्या होत्या! वायर लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातली मशिन्स जोडतात तिथे, घातली, जुन्या राउटरचा आयपी मेन राउटरच्याच रांगेतला पण वेगळा दिला आणि त्याचं डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी वाटणं, बंद केलं, मग सुटलं. गेस्ट वायफायवर असाल तरी हेच होतं, तिथे एक मशिन दुसऱ्याला सहसा दिसतच नाही.

आता विंडोजवर. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटला जाऊन तुमचं वायफाय पब्लिक असेल तर प्रायव्हेट करा, आणि अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. पासवर्डशिवाय शेअरिंगचा ऑप्शन तिथे दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नका, नव्या विंडोज ११ मध्ये गेस्टवर, म्हणजे पासवर्डशिवाय येणाऱ्यावर, तसेही बरेच निर्बंध आलेत.

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात: नेटवर्कवरून विंडोजचा पिन चालत नाही. रोज चार आकडे टाकून आत जाणाऱ्या बाबांना मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड विचारला तर ते मलाच विचारतात. म्हणून सरळ एक वेगळा लोकल युजर काढा. अकाउंट्स, अदर युजर्स, अॅड अकाउंट, मग साइन-इन माहिती नाही असं सांगायचं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर हा पर्याय घ्यायचा. नाव 'घर', इंग्रजी स्मॉल अक्षरांत, आणि पासवर्ड जरा बरा. मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब, शेअर, आणि 'घर'ला रीड-राइट द्या. अख्खा सी ड्राइव्ह शेअर करू नका प्लीज, फोटोंचा एक फोल्डर बास. शेअरचं नावही छोटं, इंग्रजी, बिनस्पेसचं.

मॅकवर फाइंडर उघडून कमांड आणि के दाबा, एसएमबी, कोलन, दोन स्लॅश आणि विंडोजचा आयपी टाका, रजिस्टर्ड युजर निवडून 'घर' आणि त्याचा पासवर्ड. मिंटवर फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एल दाबून तोच पत्ता. डोमेनच्या चौकटीत वर्कग्रुप दिसतं, ते तसंच ठेवा. आयफोनवर फाइल्स अॅपच्या तीन टिंबांत कनेक्ट टू सर्व्हर आहे.

उलट दिशेने, मॅकवरून शेअर करताना फाइल शेअरिंग चालू केलं तरी विंडोजवाल्यांसाठी ऑप्शन्समध्ये जाऊन आपल्या नावापुढे वेगळी टिक करावी लागते. लिनक्सवर सांबाचा पासवर्ड लॉगिनपेक्षा वेगळा असतो, तो एसएमबीपासडब्ल्यूडी या कमांडने एकदा सेट करायचा. लिनक्सवर फाइलच्या नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजला ते चालत नाही, मग तिकडे नाव भलतंच दिसतं.

जुना मीडिया बॉक्स वगैरे असेल आणि कुणी सांगितलं की एसएमबी १ चालू कर, तर नको. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून पसरला होता, आणि त्याच वर्षाच्या विंडोज १० अपडेटपासून विंडोज नव्याने टाकताना ती आवृत्ती आपोआप येत नाही.

लाइट गेली आणि राउटर परत चालू झाला की कधी कधी आयपी बदलतो आणि कालचा पत्ता लागत नाही, म्हणून राउटरच्या पानावर डीएचसीपी रिझर्व्हेशन शोधून डेस्कटॉपचा आयपी पक्का करून टाका. डेस्कटॉप झोपला असेल तरी दिसत नाही, आमच्याकडे निम्म्या वेळा तेच असतं.

लग्नाचे ४० जीबी वगैरे पाठवायचे असतील तर आधी राउटरचे पोर्ट बघा, १०० एमबीपीएसवाले असतील तर सेकंदाला जेमतेम १२ एमबी जातात, म्हणजे तासभर तरी. तेवढ्या वेळात चहा होऊन जातो, पण बाबांना सांगून ठेवा की मशिन बंद करू नका.