डेबियन स्टेबलवर नवं सॉफ्टवेअर हवं असेल तर

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्टेबल, म्हणजे स्थिर शाखेत सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आकडा जुना दिसला म्हणून बिचकू नका. सुरक्षेच्या दुरुस्त्या बहुतेक वेळा त्याच आवृत्तीत येत राहतात. मूळ सिस्टीम स्टेबलच ठेवा. एखादंच ॲप नवं हवं? आधी फ्लॅटपॅक (ॲप मूळ सिस्टीमपासून वेगळं बसवण्याची पद्धत) बघा. त्यात ॲपला लागणाऱ्या लायब्ररी (प्रोग्राम वापरतात ते तयार कोडचे संच) वेगळ्या राहतात, डिस्क मात्र जास्त खातं. अगदी नवं वायफाय कार्ड चालत नसेल, तर बॅकपोर्ट्समधून (स्टेबलसाठी तयार केलेल्या नव्या पॅकेजांचा साठा) कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि फर्मवेअर (हार्डवेअरला चालायला लागणारं सॉफ्टवेअर) दोन्ही घ्या. नुसत्या कर्नलने काम होईलच असं नाही. एपीटी या पॅकेजं बसवणाऱ्या साधनाच्या लेखी बॅकपोर्ट्सची प्राथमिकता १००, म्हणजे स्टेबलपेक्षा कमी असते, त्यामुळे स्टेबलमधलं पॅकेज तिथून आपोआप बदलत नाही. टेस्टिंगची (डेबियनच्या पुढच्या, अजून तयार होत असलेल्या आवृत्तीची) ओळ मात्र सोर्सेसच्या यादीत, म्हणजे एपीटी पॅकेजं कुठून घेतं त्या यादीत, घालू नका. एका पॅकेजपायी सी लायब्ररी (जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर अवलंबून असतात ती) बदलते, तिच्यामागे बाकीची पॅकेजं ओढली जातात आणि जुन्या आवृत्तीवर परतणं एपीटीला नीट जमत नाही.