काड्यांचा नाग कसा विणायचा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवला. घरी बसल्यावर नातवानं मोबाईलवर दाखवलं: आइस्क्रीमच्या काड्यांची विणलेली लांबलचक पट्टी जमिनीवर पडलेली, एक टोक सुटलं की काड्या एकामागून एक उसळतात आणि ती लाट फणा काढल्यासारखी उठत पुढं धावते. इंग्रजीत याला कोब्रा वीव्ह म्हणतात. आम्ही नाग म्हणतो. खिळा नाही, डिंक नाही, रबर नाही. लई नाद लागला बघा.

आधी काड्या. महाद्वार रोडला शाळेच्या प्रोजेक्टचं सामान ठेवणाऱ्या दुकानात मिळतात. नेहमीची काडी 114 मिलिमीटर लांब, 10 रुंद, 2 जाड. 150 मिलिमीटरची मोठी काडीही येते, पण ती साधारण 1.6 जाड असते. जाडीतला हा फरक किरकोळ समजू नका. वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे रुंदी-लांबी तीच ठेवून 1.6 ची काडी 2 ची केली तर जोर जवळजवळ दुप्पट लागतो. मी दुकानात जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊनच जातो. दुकानदार आता हसायचाही थांबलाय.

घरी आणल्या की निवडायच्या. ज्वारी पाखडायला बसल्यासारखं निवांत बसा. काडी उजेडात धरून लाकडाच्या रेषा बघा. टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्या तर ठेवा. मध्येच तिरक्या होऊन कडेला निघाल्या तर बाजूला काढा, ती काडी नेमकी तिथंच मोडते. मग दोन्ही अंगठ्यांनी हलकेच वाकवून सोडा. सरळ झाली पाहिजे. शंभरातल्या वीस-पंचवीस जातात माझ्या, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. विणताना सत्तराव्या काडीला ‘कट्’ ऐकू आलं की काय वाटतं, ते एकदा भोगलंय.

पहिल्याच दिवशी नागाच्या मागं लागू नका. पाच काड्यांचा बार (आपटला की उडणारी चौकट) करून हात बसवा. दोन काड्यांची फुली करा. तिसरी उभी, फुलीच्या मधोमध, वरून ठेवा. आता चौथी आडवी घाला: मधल्या उभ्या काडीच्या वरून, पण फुलीच्या दोन वरच्या टोकांच्या खालून. पाचवी तशीच खालच्या बाजूला. नीट बसली तर चौकट हातात ताठ राहते. फरशीवर आपटली की पाचही काड्या पाच दिशांना.

आता नाग. नवारीची खाट विणलेली असेल तर अर्धं काम झालंच. एक वर, एक खाली. पहिल्या दोन काड्यांची फुली करून तिच्या टोकावर वरवंटा ठेवा (आमच्या हिला न विचारता ठेवू नका). तिसरी काडी पहिलीला समांतर, दुसरीच्या वरून. चौथीपासून नियम एकच: नवी काडी तीन काड्यांमागच्या (चौथीसाठी पहिल्या) काडीच्या मोकळ्या टोकाखालून सरकवायची आणि लगेच आधीच्या काडीच्या वरून न्यायची. एक डावीकडं झुकलेली, एक उजवीकडं. मधली प्रत्येक काडी अशी चार जागी अडकते, खाली-वर-खाली-वर, आणि नागमोडी वाकते. त्या वाकण्यातच सगळी ताकद साठलेली असते.

डाव्या हाताचा पंजा शेवटच्या दोन काड्यांवरून उचलायचा नाही. फोन वाजला तरी नाही. माझा सगळ्यात लांब नाग दाराची बेल वाजल्यावर मी सवयीनं उठलो म्हणून गेला, आणि दारात पेपरवाला होता.

फुल्यांमधलं अंतर सारखं ठेवा. फार ताणून विणलं तर टोकं निसटतात, फार दाटून विणलं तर काड्या मोडतात. 114 च्या शंभर काड्यांत साधारण सहा-सात फूट होतो माझा. शेवटी दुसरं वजन, मी बत्ता ठेवतो.

डोळ्यांवर चष्मा हवाच. मी ग्राइंडिंगचा जुना गॉगल लावतो, नातवाला त्याच्या मापाचा आणलाय. तोंड खाली घालून विणणाऱ्याच्या डोळ्यात काडी जायला क्षणही लागत नाही.

विणून झाला की फार वेळ ठेवू नका. वाकवून ठेवलेलं लाकूड हळूहळू त्याच आकाराला सरावतं आणि जोर जातो. पावसाळ्यात तर जास्तच. जुलैत मंगळवार पेठेत कपडे तीन दिवस वाळत नाहीत, तिथं काड्यांनी काय करावं? रात्री विणून सकाळी सोडलेला नाग नुसता कूस बदलल्यासारखा हलला होता. पावसाळ्यात काड्या डब्यात बंद ठेवा आणि विणला त्याच तासाला सोडा. उलट एप्रिल-मेमध्ये काडी कोरडी होऊन कडक होते, तेव्हा वाकवताना हात हलका ठेवा.

सोडायचं म्हणजे बत्ता उचलायचा, बस्स. शेवटची काडी सुटते, सरळ होताना मागचीला मोकळं करते, ती तिच्या मागचीला. लाट वरवंट्यापर्यंत जाते.

मग काड्या गोळा करा. दोन-चार दिवाणाखाली सापडतातच. एका बाजूला बाक आलेल्या काड्या पुढच्या वेळी पालथ्या घालून विणा, बाक उलटा वाकतो आणि अजून एक-दोन खेळ निघतात. त्याहून थकलेल्या आमची ही उचलते. गच्चीतल्या कुंड्यांत मिरची कुठली आणि वांगं कुठलं, ते त्यांच्यावर लिहिलेलं असतं.