जुनं मिलिंग मशीन घेताय? आधी टेबलाची मधली चाल बघा

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेकडे एखादं शेड बंद पडलं, नाहीतर मालकानं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घेतलं, की एचएमटी आणि बीएफडब्ल्यू कंपन्यांची जुनी मिलिंग मशीनं (फिरत्या कटरनं धातू कापणारी) विक्रीला निघतात. घरामागे छोटं वर्कशॉप टाकणारी पोरं फोटो घेऊन येतात. "काका, घेऊ काय?" मी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या हत्यारं-साचे बनवणाऱ्या विभागात वाढलेला माणूस. किमतीच्या आधी मी विचारतो, या मशीनवर आजवर काय कापत होते?

बेळगावात फाउंड्र्या भरपूर, त्यामुळे बरीच मशीनं जन्मभर बीड (ओतीव लोखंड) कापत आलेली. बीड बहुतेक जण कोरडंच कापतात. त्याची काळी भुकटी आणि कास्टिंगला चिकटून आलेली वाळू स्लाइडवरच्या (टेबल ज्यावर सरकतं त्या पृष्ठभागावरच्या) तेलात मिसळते आणि तिथे घासायची पेस्ट तयार होते. त्याच वयाचं टूलरूममधलं मशीन पुष्कळ कमी झिजलेलं असतं. बेअरिंग, मोटर, बेल्ट, नट बदलता येतात. झिजलेली स्लाइड मात्र ग्राइंडिंग-स्क्रेपिंगला (घासून, खरवडून पुन्हा सपाट करायला) द्यावी लागते, आणि घरगुती कामासाठी तो खर्च परवडत नाही. म्हणून निम्मा वेळ स्लाइडलाच द्या.

ताज्या रंगावर जाऊ नका. टेबल एका टोकाला सारून स्लाइड रॉकेलच्या चिंधीनं पुसा. स्क्रेपिंगचे कोयरीसारखे ठसे टोकाला दिसतात आणि मधे गुळगुळीत झालेले असतात, तर झीज झालीय हे नक्की. वरवरचा गंज पुसून जातो, खड्डे पडले असतील तर ते राहणारच. आपल्याकडच्या पावसात पत्र्याखाली पडून राहिलेल्या मशीनवर हे खड्डे हमखास सापडतात.

आता हँडल हातात घ्या. टेबल मध्यावर आणा, एकाच दिशेनं थोडं फिरवा आणि डायल शून्यावर लावा. मग उलटं फिरवत टेबल हलायला लागेपर्यंत किती रेघा रिकाम्या गेल्या ते मोजा. हेच दोन्ही टोकांना करा. सगळीकडे सारखाच बॅकलॅश (ही रिकामी फिरत) आला तर बहुधा लीड स्क्रूवरचा, म्हणजे टेबल सरकवणाऱ्या आट्याच्या दांड्यावरचा नट गेलाय, ते काम सोपं. मधे जास्त आणि टोकाला कमी आला तर लीड स्क्रूच झिजलाय. त्यानंतर मध्यावर गिब (स्लाइडमधला खेळ काढणारी पट्टी) नीट आवळा आणि टेबल टोकापर्यंत न्या. टोकाला ते अडकायला लागलं तर स्लाइड मधे खाल्ली गेलीय. विकणारा "मशीन कंडिशनमध्ये हाय बघा" म्हणत असतो, त्या वेळी गिब बहुतेक सैल सोडलेली असते. म्हणून स्वतःच्या हातानं आवळल्याशिवाय ही परीक्षा धरू नका.

मॅग्नेट बेस (चुंबकाचा स्टँड) मशीनच्या कॉलमवर लावून डायल गेजची (बारीक हालचाल मोजणाऱ्या घड्याळाची) सुई टेबलाच्या टोकावर टेकवा आणि ते टोक हातानं उचलायचा प्रयत्न करा. गिब आवळलेली असूनही सुई ५० मायक्रॉनच्या (०.०५ मिमी) पुढे गेली तर मी तरी ते मशीन सोडतो.

मग स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा. टेपरमध्ये (त्याच्या तोंडाच्या निमुळत्या भोकात) बोट फिरवून ओरखडे तपासा, सुई आत लावून स्पिंडल हातानं फिरवा. रनआउट (फिरताना सुईचा हेलकावा) १० मायक्रॉनच्या आत असेल तर उत्तम, २० च्या पुढे गेला तर कारण शोधा. टेपर कोणता, हेही विचारा. आयएसओ ४० असेल तर आर्बर, कोलेट (कटर धरणारे दांडे आणि पकडी) सहज मिळतात. जुन्या विलायती मशीनचा टेपर अडनिडा निघाला तर टूलिंगपायी दमून जाल. लाकडी दांडक्यानं आर्बर उचलून बेअरिंगचा खेळ बघा, सगळे गिअर एकेक करून टाका, आणि वरच्या स्पीडवर अर्धा तास चालवून हेडला हात लावा. हात ठेवता येत नसेल तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करा.

घरी सिंगल फेज असेल तर मोटरची प्लेट वाचा. २३० डेल्टा, ४१५ स्टार (व्होल्ट आणि जोडणीचा प्रकार) असं लिहिलेलं असेल आणि टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील, तर डेल्टा जोडून सिंगल फेज इनपुटच्या व्हीएफडीवर (सिंगल फेजवरून मोटरला थ्री फेज देणाऱ्या ड्राइव्हवर) चालवता येते. नुसतं ४१५ डेल्टा असेल तर हेस्कॉमकडून (वीज कंपनीकडून) थ्री फेज घ्या, नाहीतर मोटर बदला. मोठ्या मशीनला फीडची मोटर वेगळी असते, तीही हिशोबात धरा.

जागेचा विचार सौदा ठरवण्याआधी करा. ही मशीनं दीड-दोन टनांच्या घरात जातात. शहापूर-खासबागच्या अरुंद गल्लीत हायड्रा क्रेन वळत नाही, मग पाइपवर सरकवत न्यावं लागतं. खाली काँक्रीट हवं, फरशी फुटते. उचलताना पट्टा टेबलाला किंवा हँडलला कधीच अडकवू नका.

शेवटी भाव करताना पैसे कमी करून घेण्यापेक्षा व्हाइस, आर्बर, स्पेसर, कोलेट आणि व्हर्टिकल हेड मागून घ्या. हे सगळं त्याच शेडच्या कोपऱ्यात पडलेलं असतं, आणि मशीन गेल्यावर ते भंगारातच जातं.